रुग्णालयात महागडी आणि दुर्मीळ औषधे कोठून येतात? नियम, परवाने आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती महाराष्ट्रातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आणि लहान रुग्णालयांच्या व्यवस्थापकांसाठी लिहिली आहे. मी अनेक वर्षे रुग्णालयाच्या औषध विभागात काम केले. त्या काळात खिडकीपलीकडून सर्वांत जास्त ऐकलेला प्रश्न होता, 'औषध केव्हा येईल?' उशिराचे कारण शोधायला गेले की बहुतेक वेळा ते एखाद्या टेबलावर पडून राहिलेल्या कागदात सापडे. कोणती सही कायद्याने लागते आणि कोणती केवळ रिवाजाने मागितली जाते, हे ज्या कुटुंबाला माहीत असते, त्याचे कित्येक दिवस वाचतात. म्हणून प्रत्येक उत्तरात परवानगी कोण देतो आणि कशासाठी देतो, हे सांगण्यावर भर दिला आहे.

'विशेष औषध' कशाला म्हणायचे? कायद्यात त्याची व्याख्या आहे का?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० या मूळ कायद्यात 'विशेष औषध' असा वेगळा वर्ग नाही. रुग्णालयात ज्याला 'हाय-कॉस्ट' किंवा 'नॉन-स्टॉक' औषध म्हणतात, म्हणजे जे कपाटात भरून ठेवले जात नाही आणि एखाद्या रुग्णाच्या नावाने मागवावे लागते, ते इथे अभिप्रेत आहे. कर्करोगावरील जैविक इंजेक्शने, हिमोफिलियाचे रक्त गोठवणारे घटक, दुर्मीळ आजारांवरील विकरे (एन्झाइम), मॉर्फिनसारखी अमली द्रव्यांत मोडणारी वेदनाशामके आणि किरणोत्सारी औषधे अशी ही बरीच वेगवेगळी मंडळी आहेत. प्रत्येकाची वाट वेगळी असते, त्यामुळे 'अमक्याला आठ दिवसांत मिळाले, मग आम्हाला का नाही?' ही तुलना बहुधा फसते.

औषधे ठेवण्यासाठी आणि देण्यासाठी रुग्णालयाला कोणते परवाने लागतात?

खासगी रुग्णालयाच्या आवारातले औषध दुकान हे कायद्याच्या दृष्टीने इतर कोणत्याही औषध दुकानासारखेच असते. त्याला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून फॉर्म २० आणि २१ मधील किरकोळ विक्रीचे परवाने घ्यावे लागतात आणि नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या (फार्मासिस्टच्या) देखरेखीखालीच औषधे द्यावी लागतात. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या रुग्णालयांना औषध नियमावली, १९४५ च्या परिशिष्ट 'के' अन्वये विक्री परवान्यातून सूट आहे. मात्र या सुटीलाही अटी आहेत: औषध परवानाधारकाकडूनच घेतलेले असावे आणि ते पात्र व्यक्तीच्या देखरेखीखालीच दिले जावे.

काही औषधांवर अधिक बंधने आहेत. परिशिष्ट 'एच-१' १ मार्च २०१४ पासून लागू झाले. त्यातल्या औषधांसाठी डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते आणि ती ३ वर्षे जपावी लागते. परिशिष्ट 'एक्स' मधल्या औषधांसाठी, उदाहरणार्थ केटामाइनसाठी, वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक प्रत विक्रेत्याने २ वर्षे सांभाळायची असते. तेव्हा औषध विभागाने दुसरी प्रत मागितली तर तो अडवणुकीचा प्रकार समजू नये.

सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी औषध लिहून दिले, पण भांडारात ते नाही. खरेदी नेमकी कशी होते?

महाराष्ट्रात २०१७ पासून सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या विभागांची औषधखरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळामार्फत करण्याचा निर्णय झाला. ती व्यवस्था विलंबामुळे सतत टीकेचा विषय राहिली आणि २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्यात आले. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांसाठी पालिकेचे स्वतःचे मध्यवर्ती खरेदी खाते आहे. त्यामुळे परळच्या केईएममध्ये असलेले औषध भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयातही असेलच, असे गृहीत धरता येत नाही. एक पालिकेचे आहे, दुसरे राज्य शासनाचे.

पद्धत साधारणतः सारखीच असते. रुग्णालये वर्षाची मागणी कळवतात, निविदा निघते, दरकरार होतो, पुरवठा आदेश जातो, माल येतो आणि गुणवत्ता तपासणीनंतर तो वाटपासाठी मोकळा होतो. पॅरासिटामॉलसाठी ही साखळी ठीक चालते. वर्षात चारच रुग्णांना लागणाऱ्या इंजेक्शनसाठी मात्र ती फारच जड आहे, कारण एवढ्या थोड्या मागणीसाठी पुरवठादार निविदा भरायला फारसे उत्सुक नसतात. अशा वेळी रुग्णालयाच्या प्रमुखांना स्थानिक खरेदीचा अधिकार असतो. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मागणीपत्र, विभागप्रमुखांची शिफारस, भांडाराचे 'साठा उपलब्ध नाही' असे प्रमाणपत्र, दरपत्रके आणि अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांची मंजुरी लागते. यातले 'साठा उपलब्ध नाही' हे प्रमाणपत्र सर्वांत साधे दिसते आणि सर्वांत जास्त वेळ तेच खाते, असा माझा अनुभव आहे. ते पहिल्याच दिवशी मागून घ्यावे.

खासगी रुग्णालयाला तरी ते लगेच का मिळत नाही?

महाग जैविक औषधे कंपन्या मोजक्या अधिकृत वितरकांमार्फतच देतात. असे वितरक बहुधा मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत असतात. यातली बहुतेक औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात आणि काहींची एकेक कुपी लाखाच्या घरात जाते, म्हणून कोणीही साठा करून ठेवत नाही. रुग्णाच्या नावाची चिठ्ठी आणि आगाऊ रक्कम मिळाल्यावरच मागणी पुढे जाते. अनेक कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजनाही असतात, ज्यांत काही मात्रा विकत घेतल्यावर पुढच्या मात्रा विनामूल्य मिळतात. या योजनेत नाव नोंदवण्यापूर्वी विकत घेतलेल्या मात्रा बऱ्याचदा मोजल्या जात नाहीत. म्हणून पहिले बिल भरण्याआधीच डॉक्टरांना योजनेबद्दल विचारावे.

औषधाला भारतात मान्यताच नाही. तरीही ते कायदेशीरपणे मागवता येते का?

येते, आणि हे फार थोड्या लोकांना माहीत असते. दोन वाटा आहेत.

पहिली वाट रुग्णाची आहे. औषध नियमावली, १९४५ मधील नियम ३६ प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी थोड्या प्रमाणात औषध आणता येते. प्रवाशाच्या सामानातून आणायचे असेल, तर ते केवळ त्याच्याच वापरासाठी असावे आणि कोणत्याही एका औषधाच्या सरासरी १०० मात्रांहून अधिक नसावे. कुरिअरने किंवा अन्य मार्गाने मागवायचे असेल, तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे फॉर्म १२-ए मध्ये अर्ज करून फॉर्म १२-बी हा परवाना आधी घ्यावा लागतो. अर्जासोबत नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. परवाना हातात येण्याआधी औषध रवाना करण्याची चूक कृपया करू नये. माल सीमाशुल्क विभागाच्या गोदामात अडकला की शीतसाखळी, म्हणजे औषध सतत थंड ठेवण्याची व्यवस्था, तुटण्याचा धोका असतो आणि मग परवाना मिळूनही औषध निरुपयोगी ठरू शकते.

दुसरी वाट रुग्णालयाची आहे. नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ मध्ये जीवघेण्या किंवा गंभीर आजाराच्या रुग्णांसाठी सरकारी रुग्णालयांना व वैद्यकीय संस्थांना अमान्य नवीन औषध आयात करण्याची तरतूद आहे. अर्ज फॉर्म सीटी-२४ मध्ये होतो आणि परवाना सीटी-२५ मध्ये मिळतो. इथे जबाबदारी रुग्णालयाची असते: औषध ज्या रुग्णासाठी आणले त्यालाच द्यावे लागते आणि वापराची नोंद ठेवावी लागते.

दोन्ही अर्जांत परत येणाऱ्या त्रुटी अगदी साध्या असतात. चिठ्ठीवर केवळ परदेशी व्यापारी नाव असते आणि मूळ औषधाचे नाव नसते. मात्रा किती दिवसांसाठी, हे लिहिलेले नसते. अर्जातले रुग्णाचे नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळत नाही. एका मुलीच्या वडिलांचा अर्ज मी स्वतः तीनदा दुरुस्त करून दिला आहे, कारण आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळे होते. त्यात गेलेले तीन आठवडे वाचवता आले असते, याची खंत मला आजही आहे.

आयात औषधावर कर भरावा लागतो का?

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मध्ये नोंद असलेल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराकरिता आयात केलेल्या औषधांना आणि विशेष वैद्यकीय आहाराला १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्कातून पूर्ण सूट आहे. त्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांचे, जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांचे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र लागते. म्हणजेच जिल्ह्याच्या ठिकाणीही हे काम होऊ शकते, त्यासाठी मुंबईला येण्याची सक्ती नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पात ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकन, ओसिमर्टिनिब आणि डर्व्हालुमॅब ही कर्करोगावरील ३ औषधे सीमाशुल्कमुक्त झाली आणि २०२५ मध्ये आणखी ३६ जीवरक्षक औषधांना पूर्ण सूट मिळाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ठरावीक ३६ जीवरक्षक औषधांवरचा शून्यावर आला. बिल त्या तारखेनंतरचे असेल, तर कराचा रकाना स्वतः पाहावा.

दुर्मीळ आजारासाठी सरकारी मदत कशी मिळते?

वर उल्लेखलेल्या २०२१ च्या धोरणाखाली देशात उत्कृष्टता केंद्रे नेमली आहेत आणि मुंबईत केईएम रुग्णालय हे त्यांपैकी एक आहे. रुग्णाची नोंदणी तिथे व्हावी लागते. सुरुवातीला २० लाख रुपयांपर्यंत असलेली मदतीची मर्यादा २०२२ मध्ये प्रति रुग्ण ५० लाख रुपये झाली. हे पैसे कुटुंबाच्या खात्यात येत नाहीत. उत्कृष्टता केंद्रच औषध खरेदी करते आणि उपचार देते.

ही मर्यादा काही आजारांत खूप मोठी आणि काहींत फारच अपुरी आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाला पाठीच्या कण्याशी संबंधित स्नायूंच्या आजारासाठी सुमारे १६ कोटी रुपयांचे जनुकीय औषध अमेरिकेतून आणावे लागले. त्यावरचा सुमारे ६ कोटींचा कर केंद्र सरकारने माफ केला, तरी मूळ रक्कम लोकवर्गणीतूनच उभी राहिली. याच आजारावरच्या रिस्डिप्लाम या तोंडाने घ्यायच्या औषधाची एक बाटली सुमारे ६ लाख रुपयांना पडत असे. पेटंटचा वाद न्यायालयात गेला, २०२५ मध्ये देशी कंपनीला मनाई करण्यास दिल्ली उच्च न्यायालयाने नकार दिला आणि त्यानंतर तेच औषध १५,९०० रुपयांच्या छापील किमतीला बाजारात आले. माझ्या मते, रुग्णाच्या हाती औषध पडण्याच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली यापेक्षा मोठी घडामोड नाही.

किंमत कोण ठरवते? रुग्णालय हवी ती किंमत लावू शकते का?

छापील कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतल्या, म्हणजे २०२२ च्या यादीप्रमाणे ३८४ औषधांच्या, कमाल किमती राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण ठरवते. यादीबाहेरच्या औषधांची छापील किंमत कंपनी ठरवते आणि ती वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. २०१९ मध्ये यादीबाहेरच्या ४२ कर्करोगविरोधी औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर रोखण्यात आला.

छापील किंमत आणि रुग्णालयाची खरेदी किंमत यांत केवढे अंतर असू शकते, हे राष्ट्रीय कर्करोग ग्रिडच्या एकत्रित खरेदीने दाखवून दिले. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने चालणाऱ्या या जाळ्यातल्या २३ केंद्रांनी ४० औषधांसाठी एकत्र वाटाघाटी केल्या आणि सुमारे १,३२० कोटी रुपये वाचवले. बचतीचे मध्यक प्रमाण ८२ टक्के होते. लहान रुग्णालयांच्या व्यवस्थापकांना माझे सांगणे आहे की एकट्याने घासाघीस करण्यापेक्षा जिल्ह्यातल्या चार रुग्णालयांनी एकत्र मागणी करावी.

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना लागू आहे. तिच्यात १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात आणि त्यांच्या औषधांचा हिशेब छापील नव्हे, खरेदी किमतीने करायचा असतो. बिलावर ही किंमत मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

मॉर्फिन मिळायला इतका त्रास का होतो?

या प्रश्नाचे उत्तर मी थोडे सविस्तर देणार आहे, कारण कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातले दुखणे मी जवळून पाहिले आहे आणि ते थांबवणारी गोळी महाग नाही. मॉर्फिन अफूपासून बनते, अफूची शेती आपल्याच देशात होते आणि नीमच व गाझीपूर इथे त्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. अडचण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे झाली. त्याखाली प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते. बाळगणे, वाहतूक, आयात अशा प्रत्येक पायरीला निराळा परवाना लागे आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा येत नसे. पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले.

२०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडिन आणि हायड्रोकोडोन या ६ औषधांना 'अत्यावश्यक अमली औषधे' ठरवले आणि त्यांचे नियम देशभर एकसारखे केले. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' ही एकच मान्यता पुरते. त्यासाठी वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो, जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, वर्षाच्या गरजेचा अंदाज कळवावा लागतो आणि रोजची नोंदवही ठेवावी लागते. एवढेच. तरीही अनेक रुग्णालये 'पोलिसांची झंझट नको' म्हणून मान्यता घेत नाहीत. ही भीती जुन्या कायद्याची आहे. ज्या तालुक्यात एकही मान्यताप्राप्त संस्था नाही, तिथल्या डॉक्टरांनी अर्ज करावा, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

क्षयरोगाचे बेडाक्विलिन औषध दुकानात का मिळत नाही?

औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचे हे औषध राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातूनच दिले जाते. २०१६ मध्ये ते देशातल्या ६ केंद्रांवर सुरू झाले. चुकीच्या वापराने जंतू त्यालाही जुमानेनासे होतील, हे बंधनामागचे कारण आहे. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्या रुग्णाचीही निक्षय या क्षयरुग्ण नोंदणीच्या सरकारी प्रणालीत नोंद झाली की कार्यक्रमातून औषध मिळू शकते आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

किरणोत्सारी औषधासाठी ठरावीकच तारीख का दिली जाते?

कारण ते साठवताच येत नाही. थायरॉइडच्या कर्करोगात वापरले जाणारे आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मे उरते आणि पेट स्कॅनसाठी लागणारे फ्लोरीन-१८ तर ११० मिनिटांत. अशा औषधांचा पुरवठा करणारी भारत सरकारची संस्था, म्हणजे विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, नवी मुंबईत वाशीला आहे. घेणाऱ्या रुग्णालयाकडे अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी असावी लागते. रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही, तर ती मात्रा वाया जाते.

'औषध बाहेरून आणा' किंवा 'आमच्याच दुकानातून घ्या' असे सांगितले तर?

आतल्याच दुकानातून घेण्याची सक्ती करता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत औषध कोठून घ्यायचे ते निवडण्याचा हक्क आहे आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तसे फलक लावण्यास सांगितले आहे. या सक्तीबाबत ४ मार्च २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी बंधनकारक आदेश न देता धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले.

तथापि बाहेरून आणलेले इंजेक्शन तपासूनच टोचण्याचा रुग्णालयाचा आग्रह योग्य आहे. एक गृहस्थ तालुक्याच्या गावाहून स्टीलच्या डब्यात बर्फ भरून त्यात थेट कुपी ठेवून आले होते. इतकी काळजी घेऊनही औषध गोठले होते. जैविक औषध गोठले की त्यातली प्रथिने बिघडतात आणि ते वितळले तरी वापरता येत नाही. ते मला नाकारावे लागले. विकताना कोणीही त्यांना सांगितले नव्हते की बर्फ आणि कुपी यांच्यामध्ये कापड किंवा पुठ्ठा हवा.

बनावट औषधाची भीती वाटते. काय पाहावे?

ही भीती निराधार नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी कर्करोगाच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या गोळा करून त्या पुन्हा भरून विकणारी टोळी पकडली. पक्के बिल, त्यावरचा बॅच क्रमांक आणि कुपीवरचा क्रमांक जुळतो का, ते पाहावे. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा आहे. इंजेक्शन दिल्यावर रिकामी कुपी आपल्यासमोर नष्ट करायला सांगावे. त्यात कोणाचाही अपमान नाही. 'बिलाशिवाय निम्म्या किमतीत' मिळणारी कुपी कितीही तातडी असली तरी घेऊ नये.

कोणते कागद नेहमी जवळ ठेवावेत?

निदानाचा अहवाल, मूळ औषधाच्या नावाने लिहिलेली आणि मात्रा व कालावधी नमूद केलेली चिठ्ठी, रुग्णाचे ओळखपत्र, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, खर्चाचे अंदाजपत्रक आणि 'साठा उपलब्ध नाही' हे प्रमाणपत्र. प्रत्येकाच्या तीन प्रती काढाव्यात आणि सर्वांवर नावाचे स्पेलिंग एकच ठेवावे. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. पुढच्या वेळी विचारणा करताना तोच क्रमांक सांगावा, म्हणजे कागद कोणत्या टेबलावर आहे ते शोधता येते.